कुणी न नेलेला शर्ट

कांचनचा खेळ मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला झोप लागली. कट्ट्यावर सगळ्यांसमोर मी तिला तसंच सांगितलं. ती माझी सख्खी धाकटी बहीण, पण कट्ट्यावर नातं बाहेर चपलांशेजारी काढून ठेवायचं असा रिवाज होता.

कट्टा म्हणजे साताऱ्यातली पिठाच्या गिरणीवरची एक खोली. घरी बसून छोटे छोटे खेळ बनवणारी पोरं-पोरी रविवारी तिथे जमायची. मारामारीचे खेळ नाहीत. कुणी रोपांना पाणी घालायचा खेळ बनवायचं, कुणी होडी वल्हवायचा. दमलेल्या माणसाने घटकाभर टेकावं, असे खेळ. नियम थोडे होते, पण कडक. खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ऐकताना बनवणाऱ्याने गप्प बसायचं, ‘अहो पण’ करायचं नाही. ‘छान आहे’ म्हणायला बंदी, कारण ‘छान’ने कुणाचं काही सुधारत नाही. आणि शेवटचा नियम असा, की जी सूचना सगळ्यात जास्त लागली तीच आधी हातात घ्यायची. लागली म्हणजे तिथे काहीतरी आहे.

कांचनच्या खेळाचं नाव ‘घडी’. खेळणारा इस्त्रीवाला. लोक कपड्यांची गाठोडी आणून टाकतात, तुम्ही पाणी शिंपडायचं, कॉलर, बाह्या, मग पाठ, अशी इस्त्री फिरवायची. चुण्या मोडत जातात, वाफेचा आवाज येतो, घडी होते, संध्याकाळी माणसं येऊन कपडे नेतात. संपलं. हे तिने कुठून आणलं ते सांगायला नको. खडकेवाडी एमआयडीसीच्या कॉलनीत आमच्या बाबांचं इस्त्रीचं दुकान. बाबा गेले, टेबल माझ्याकडे आलं. कांचन मोबाइलवर बघून बघून कोडिंग शिकली आणि साताऱ्यात खोली घेऊन राहिली. रविवारी दुकान बंद ठेवून मीही तिच्यासोबत कट्ट्यावर जायचो.

“झोप लागली म्हणजे चांगलंच की,” कट्ट्यावरचा एकजण म्हणाला. “शांत खेळ आहे तो.”

“शांत आणि मेलेला यात फरक असतो,” मी म्हणालो. “यात प्रत्येक कपडा न्यायला माणूस येतोय. आपल्या दुकानात असं कधी झालंय? तो शाळेचा शर्ट बाबांनी किती वर्षं टांगून ठेवला होता?”

कांचन नियमाप्रमाणे गप्प. तिचे कान लाल झाले होते.

पुढच्या रविवारी खेळात एक लहान पांढरा शर्ट आला. खुणेला निळा दोरा. तुम्ही तो इस्त्री करून हँगरला लावता. तो न्यायला कुणी येत नाही. रोज त्याला एखादी चुणी पडते. वाटलं तर काढा, नाहीतर राहू द्या. कोण होतं ते पोर, कुठे गेलं, खेळ काही सांगत नाही.  त्या दिवशी कट्ट्यावरची एक मुलगी उठून जिन्यात गेली आणि तिने घरी फोन लावला.

आमचा सगळ्यात धाकटा, सुदाम, त्याला खेळ दाखवला तर तो म्हणाला, “ताई, सगळ्या गावाचे कपडे आहेत, माझा कुठाय? मी तर जन्मापासून चुरगळलेला.”

“तुझा आणला तर खेळ हँग होईल,” कांचन म्हणाली.

खरंच होता तसा. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत कंत्राटावर लागला होता, टाकीखान्यात, ॲसिडच्या टाक्यांवर. घरी यायचा तो बाह्यांवर पिवळे डाग घेऊन. आई घासून घासून दमायची. “ॲसिडचा डाग हाय तो आई, डाग गेला तर बाही पण जाईल,” असं म्हणून हसायचा आणि तोच शर्ट घालून बाजारात फिरायचा.

*

मग कट्ट्यावर ‘विसावा’ आली. खेळ विकणारी मोठी कंपनी. तिचा ऋत्विक नावाचा माणूस जिना चढून आला, सगळ्यांना ‘मित्रांनो’ म्हणाला आणि कांचनचा खेळ घेऊन गेला. विसावाची चकती तोवर घराघरांत पोचायला लागली होती. आज तर ती चष्म्यासारखी झाली आहे, कुणाच्या कानात आहे याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

ही चकती काय करते ते सांगतो, कारण ज्यांच्या कानात ती आहे त्यांनाही ते माहीत नसतं.

माणसाचं काळीज घड्याळासारखं एकसारखं ठोकत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित भरभर पडतात, सोडला की सावकाश. मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरणारी एक लांब नस आहे. वेगस तिचं नाव. काळजाला लगाम घालायचं काम तिचं. लगाम धरलेला असला की माणूस शांत, सुटला की घाबरा नाहीतर संतापलेला. या नसेची एक बारीक फांदी कानाच्या खोलगटात कातडीच्या अगदी जवळ येते. चकती तिथे बसते. ती ठोक्यांमधलं अंतर मोजते आणि त्या फांदीला विजेचा बारीकसा स्पर्श करते. जाणवतही नाही. याच नसेला वीज देऊन डॉक्टर फिट येणाऱ्या माणसांवर कितीतरी वर्षं इलाज करत आलेत. इथवर त्यात वाईट काही नाही.

वाईट पुढे आहे. चकतीला एक यंत्र जोडलेलं असतं आणि ते यंत्र मोबाइलवरचा खेळ बदलत राहतं. इस्त्रीचा वेग जरा कमी करून बघतं. ठोके निवले? मग तसंच ठेव. गल्लीतल्या कुत्र्याचं भुंकणं काढून बघतं. निवले? काढूनच टाक. आंघोळीला बसलेला माणूस डोळे मिटून गरम-गार नळ फिरवत पाणी बेताचं करतो, तसं. पाणी कुठून आलं याच्याशी त्या हाताला देणंघेणं नसतं. दुःख म्हणजे काय ते यंत्राला ठाऊक नाही. त्याला एक आकडा ठाऊक आहे आणि तो खाली आणायचा एवढंच त्याला शिकवलंय.

पहिल्याच आठवड्यात यंत्राने पांढरा शर्ट शोधून काढला. त्याच्यापाशी आल्यावर सगळ्यांचे ठोके चढत होते.

“कांचन मॅडम, खेळ अप्रतिम आहे,” ऋत्विक पडद्यावरून म्हणाला. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. “फक्त ते एक पात्र लोकांना टोचतंय.”

“पात्र नाही ते. शर्ट आहे,” मी म्हणालो. “आणि टोचायलाच ठेवलाय.”

“सर, तुमची भावना मी समजू शकतो.”

“समजू नका. उत्तर द्या. दिवसभर राबून आलेल्या माणसाला एक शर्ट बघून घरच्यांची आठवण आली तर तुमच्या बापाचं काय गेलं?”

तो हसला. त्याच्या कानात चकती होती. शिवी दिली तरी हसला असता.

फोन ठेवल्यावर कांचन म्हणाली, “दादा, एका बाईने मला लिहिलंय. तिचं मूल गेलं. खेळ खेळून ती कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा झोपली. शर्ट आला आणि ती परत रात्रभर बसून राहिली. तिला मी काय सांगू? की माझ्या दादाला कलाकृती पाहिजे?”

  शर्ट खेळातून निघाला.

*

टाकीखाना उडाला तेव्हा मी कॉलनीत बेडशिटा इस्त्री करत होतो. आवाज नंतर आला, आधी टेबलावरचं पाण्याचं भांडं हललं. तिकडे पळालो तर पिवळा धूर, आणि गेट आतून बंद.

कायम कामगारांची प्रेतं निघाली. कंत्राटी पोरांची नाही. कंपनी म्हणाली, ती पोरं त्या पाळीला आत नव्हतीच, हजेरीत त्यांची नावं नाहीत. नावं हजेरीत कधीच नसायची, हे एमआयडीसीतल्या प्रत्येक चहावाल्याला माहीत आहे. सुदाम सकाळी डबा घेऊन गेला होता. डबा आईने भरला होता. पण आईने डबा भरला हा पुरावा होत नाही.

पुरावा एकच होता. वितळून बसलेल्या त्या शेडखाली जे काही उरलं असेल ते. कोर्टाने सांगितलं, तपासणी होईपर्यंत बेपत्ता पोरांच्या घरच्यांनी संमती दिल्याशिवाय मलबा हलवायचा नाही. एका जरी घराने नाही म्हटलं तरी नाही. म्हणून आया, बायका, बाप गेटसमोर सतरंज्या टाकून बसले. पुढारी बिढारी कुणी नव्हता. ते फक्त घरी जात नव्हते, एवढाच त्यांचा लढा. आणि तेवढा पुरेसा होता. कंपनीला ती जागा सपाट करायची होती, आणि सतरंजीवर माणूस असेपर्यंत ती होत नव्हती.

कंपनीने पोलीस आणले नाहीत. चकत्या आणल्या. ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ असं छापलेल्या डब्यांतून. आत विसावाचे खेळ, आणि सगळ्यात वर ‘घडी’.

मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. शेजारच्या सतरंजीवरची हौसाबाई, नातवासाठी छाती बडवून घेणारी, तिने चकती घातली आणि खेळात एका बाईची साडी इस्त्री केली. मग नऊवारीची घडी घातली. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा झोपलेल्या बाळासारखा झाला. दोन दिवसांनी ती सतरंजी गुंडाळून म्हणाली, “जातो बाबा घरी. बसून काय होतंय.” संमतीची सही करून गेली. तिच्या आवाजात हार नव्हती. हार असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

असे सगळे गेले. माझी आई राहिली.

तिनेही चकती घालून बघितली होती, हौसाबाईच्या आग्रहाने. थोड्या वेळात काढून सतरंजीवर टाकली.

“का गं?” मी विचारलं.

“ह्यात सुदाम न्हाई,” आई म्हणाली. “दुनियेचे कपडे हायत. त्याचा न्हाई.”

*

मी साताऱ्याला गेलो. कांचनने दार उघडलं. कानात चकती.

“ये दादा. चहा टाकते. प्रवास बरा झाला ना?”

तीन महिने झाले नव्हते भाऊ जाऊन. 

“तुझ्या खेळाने गेट रिकामं केलं. माहिताय?”

“हो. वाईट वाटलं ऐकून,” ती म्हणाली. हवामान सांगावं तशी.

मला तिला हाताला धरून हलवावंसं वाटलं. त्याऐवजी मी म्हणालो, “मला तुझ्या खेळाबद्दल बोलायचंय. कट्ट्यावर बोलतात तसं.”

तिच्या डोळ्यांत काहीतरी जरासं हललं. सवय होती ती, दुसरं काही नाही. “मग आधी शेवटपर्यंत खेळावं लागेल,” ती म्हणाली. “चकती लावून.”

खेळलो. नियम म्हणजे नियम. गरम इस्त्री, ओला सुती कपडा, हिस्स करून येणारी वाफ. कानात कुणीतरी फुंकर घातल्यासारखं. आणि पाऊण तास मला भावाचं दुःख नव्हतं. आठवण होती. तो कसा हसायचा तेही आठवत होतं. पण शेजारच्या गल्लीत कुणाच्या घरचा पोरगा गेलाय म्हणे, तसं. हे इतकं बरं वाटत होतं की चकती काढताना माझा हात मागे येत होता. मग एकदम सगळं परत आलं आणि मी तिच्या मोरीत जाऊन ओकलो.

तोंड धुऊन बाहेर आलो आणि बोललो.

“काय दिसलं ते सांगतो. इस्त्री सुंदर आहे. कापड खरं वाटतं, वाफेचा वास आल्याचा भास होतो. आपल्या बाबांचा हात आहे त्यात, मनगट फिरवायची लकबसुद्धा. काय चुकलंय ते सांगतो. यात काही उरत नाही. सगळं मोडून, घडी घालून, नेलं जातं. माणसाचं असं नसतं. म्हणून आईने ती चकती फेकली. तुझा खेळ बाकी सगळ्या जगाला फसवतो, आईला फसवता आलं नाही, कारण त्यात सुदाम नाही. काय बदलायचं ते सांगतो. शर्ट परत आण. शाळेचा नाही. त्याचा. चौकड्याचा, बाह्यांवर पिवळे डाग असलेला. इस्त्रीने डाग जात नाही, तसाच राहू दे. आणि तो न्यायला कुणी येऊ नये. कधीच. जो कुणी हा खेळ खेळेल त्याला कळू दे की कुणीतरी आलं नाही.”

ती नियमाप्रमाणे गप्प होती. कान लाल झाले नव्हते.

मग तिने विचारलं, “दादा, मला यातलं काहीच लागलं नाही. मग कुठून सुरुवात करू?”

“ते कानातलं काढ,” मी म्हणालो. “मग कळेल.”

तिने काढलं. लगेच काही झालं नाही. चहाचे कप उचलून ती ओट्याकडे गेली, तिने नळ सोडला आणि तिथेच खाली बसली. पुढे जे झालं ते मी लिहिणार नाही. आईला फोन लावून दिला. दोघी नुसत्या रडत राहिल्या.

*

कांचनने चकतीशिवाय काम केलं. जेवण जात नव्हतं, मधूनच ओरडायची, “दादा, दुसरं बटण कुठल्या रंगाचं होतं?” मी सांगायचो, “काळं. आईने बाबांच्या कोटाचं लावलं होतं.” ती ते लावायची. इतकं चोख काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. त्या शर्टाची कॉलर मानेवर घासून विरली होती ती सुद्धा तिने आणली. मी पडद्याकडे बघितलं आणि मला घामाचा वास आला. तिने कोडमध्ये कुलूप घातलं, की हा शर्ट कुणी नेणार नाही.

विसावाने बदल मान्य करावा म्हणून ती ऋत्विकशी भांडली नाही. तिने फक्त सांगितलं, “लोकांना खेळ खोटा वाटतोय म्हणून काहीजण सोडून जातायत. एकदा हे टाकून बघा.” सोडून जाणाऱ्यांचं त्यांना फार लागतं. त्यांनी टाकलं.

आणि ते चाललं! मला वाटलं होतं तसंच चाललं. चौकड्याचा शर्ट खेळात आला त्याच आठवड्यात हौसाबाई गेटवर परत आली. केस सोडलेले, चकती मुठीत. “माझा नातू कुठाय रं?” म्हणून तिने गेटला डोकं लावलं. तिच्यामागून आणखी बाया आल्या. कुणी कोर्टात सांगितलं की आमची सही माघारी द्या. मी सतरंज्या झटकल्या, चहाची किटली आणली. मी आनंदात होतो, खोटं कशाला बोलू. रडणाऱ्या बायका बघून आनंदात होतो.

“कांचन,” मी फोनवर ओरडलो, “तुझा शर्ट बोलला गं!”

“आपला शर्ट, दादा,” ती म्हणाली. रडत होती, पण ती तीच होती.

आईला बायांनी सांगितलं, “सुदामचा शर्ट हाय त्यात. डागासकट.” आईने माझ्याकडे बघितलं. मी होय म्हणून मान हलवली. तिने चकती उचलून कानात घातली.

ती फक्त तो शर्ट बघायला खेळात जायची. बाकीचे कपडे भराभर उरकायची आणि त्याच्यापाशी थांबायची. त्याच्याशी बोलायची. “ये बाबा. न्हे तुझा शर्ट. धुऊन ठिवलाय.” असं दिवसभर. मी ऐकत होतो आणि मला ते बरोबर वाटत होतं. पोरगं गेलेल्या आईने असंच बोलायला पाहिजे.

चकतीही ऐकत होती. श्वास मोजायला तिच्यात एक बारीक कान असतो.

मी म्हटलं ना, त्या यंत्राला एक आकडा ठाऊक आहे. शर्टापाशी तो आकडा आभाळाला भिडत होता आणि तरी लोक तिथेच परत परत येत होते. खेळ सोडत नव्हते. इतकं दुखणारं आणि इतकं ओढणारं ठिकाण यंत्राला तोवर मिळालं नव्हतं. मग त्याने नळ फिरवायला सुरुवात केली. शर्ट जरा सावलीत ठेवून बघितला. डाग फिका करून बघितला. काही होईना. मग थोड्या माणसांवर त्याने शेवटचं करून बघितलं. त्या माणसांच्या खेळात दारात सायकलची घंटी वाजली, कुणाचा तरी हात आत आला आणि त्याने शर्ट नेला.

आकडा धाडकन खाली आला. आजवर कधीच आला नव्हता इतका. ज्यांना इतके दिवस दुखलं होतं त्यांचाच सगळ्यात खोल गेला. आधी दुखलं नसतं तर इतका गेलाच नसता.

*

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त एवढं बघितलं. सकाळची वेळ होती. आई खेळत होती, तोंडाने पुटपुटत होती. मग एकदम गप्प झाली. तिचे ओठ हलायचे थांबले. डोळे भरून आले आणि ती हसली. असं हसताना मी तिला सुदाम लहान असताना बघितलं होतं.

तिने चकती कानातच ठेवली, उठली आणि सतरंजीची घडी घालायला लागली. टोकाला टोक लावून, तळव्याने चुणी मोडत.

“आई? काय झालं?”

“आलता,” ती म्हणाली. “न्हेला त्यानं शर्ट.”

“कोण?”

“कोण म्हंजे? सुदाम. बाही वर केली हुती, घाईत हुता. ‘जातो आई’ म्हनला.” तिने घडी काखेत मारली. “चल. दुकान किती दिस बंद ठिवनार?”

“आई, तो खेळ आहे. यंत्र आहे ते. तू बोलतेस ते ऐकून ते—”

“म्हायती हाय मला,” आई म्हणाली. अगदी शांतपणे, समजावल्यासारखं. “खेळ हाय, म्हायती हाय. पर न्हेला नव्हं.”

सही करायला ती स्वतः आत गेली. ऑफिसातल्या पोराने तिला पाणी दिलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

हौसाबाई आणि बाकीच्या त्याच आठवड्यात गेल्या. त्यांच्याही दारात कुणी ना कुणी येऊन गेलं होतं.

मी कांचनला फोन लावला. “तू कुलूप घातलं होतंस ना?”

“घातलं होतं.”

“मग?”

“त्यांनी आख्खं घर घेतलंय दादा. माझ्या कुलपाला कोण विचारतंय?” ती पुढे म्हणाली, “ऋत्विकचा फोन आला होता. म्हणाला, शर्ट परत आणायची सूचना ज्यांनी केली त्यांचे आभार माना. इतकी विधायक सूचना त्यांना आजवर मिळाली नव्हती म्हणे. सगळ्या खेळांत आता एक तरी गोष्ट अशी ठेवणार आहेत, आधी हरवणारी आणि मग मिळणारी.”

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“दादा, मी खोटं बनवलं असतं तर हे झालं नसतं. चोख बनवलं म्हणून झालं.” मग तिने विचारलं, “मी घालू का परत? चकती?”

थोरल्या भावाने काय सांगायचं असतं? मी म्हणालो, “घाल.”

*

मी एकटा गेटवर बसतो. माझ्या बसण्याला किंमत नाही, संमती आईची हवी होती आणि ती मिळाली आहे. आई दुकान चालवते. सुरेख इस्त्री करते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते. हँगरला लटकलेले सगळे जुने कपडे तिने वाटून टाकले, बाबांनी ठेवलेला तो शाळेचा शर्टसुद्धा. दुपारी मला डबा पाठवते. डब्यात कधी मीठ कमी नसतं, कधी जास्त नसतं.

आज मलबा उपसायचं मशीन आलं. पिवळं, मोठ्या सोंडेचं. मी गेटमधून आत घुसलो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. वॉचमन माळवे धावत आला. याच माळव्याने पहिल्या दिवशी माझी कॉलर धरली होती आणि मी त्याच्या पोटात गुडघा घातला होता. मी म्हटलं, आज परत होऊन जाऊ दे. मला कुणाशी तरी भांडायचं होतं. मला कुणीतरी मारायला हवं होतं.

“हरामखोरांनो,” मी ओरडलो, “माझा भाऊ आहे त्याच्याखाली! तुमच्या आया रांडा झाल्या तरी तुम्ही असेच खुर्च्या टाकून बघत बसाल!”

माळव्याच्या कानात चकती चमकली. तो थोडा थांबला. कुणीतरी आतून त्याच्या चुण्या मोडत होतं.

“बरोबर आहे तुमचं, दादा,” तो म्हणाला. “कुणालाही राग येईल.”

त्याने मला दंडाला धरलं. घट्ट नाही, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात तसं. बाजूला नेऊन खुर्चीवर बसवलं, आणि धूळ अंगावर येऊ नये म्हणून खुर्ची जरा मागे ओढली.

मग सोंड खाली आली.